इंजिन बंद पडलं तर कुठे उतरशील?

जामबागेतून पुण्याला जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पटानचेरू, संगारेड्डी, जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, टेंभुर्णी, इंदापूर. लग्न असो, बारसं असो, कॉलेजचा प्रवेश असो की कुणाचं दुखणंखुपणं, साधारण साडेपाचशे किलोमीटरचा हाच रस्ता. चहा कुठे घ्यायचा, डबा कुठे उघडायचा, सगळं ठरलेलं. मीही हा प्रवास पन्नासेक वेळा केला असेल. दोन्ही बाजूंना शेतं होतीच, पण ती खिडकीबाहेरची शेतं. २०२४ च्या डिसेंबरात मात्र आम्ही जाताना सगळी शेतं धावपट्ट्या म्हणून पाहत गेलो.

कारण गाडीत भाची होती. ती विमान चालवायला शिकते आहे. एकटीनं उड्डाण करण्याचा टप्पा तिनं पार केलाय, तासांची वही भरत आणलीय आणि बोलताना मधूनच ‘क्रॉसविंड’ वगैरे शब्द टाकते. मागच्या सीटवर तिची आई, म्हणजे माझी ताई. भाची प्रशिक्षणाला लागल्यापासून ताई विमानाच्या बातम्या वाचत नाही, असं ती सांगते. पण २०२२ च्या फेब्रुवारीत नलगोंडा जिल्ह्यात पेद्दवूराच्या बाजूला शिकाऊ विमान पडून एक तरुण वैमानिक मुलगी गेली, ती बातमी तिला दिनांकासकट पाठ आहे. पुण्याला एका लग्नाला निघालो होतो. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे दोघींच्या मध्ये पडायला वेळ नव्हता, हे बरंच होतं.

जहिराबादच्या पुढे रस्त्याकडेला एका उसाच्या शेतावर ड्रोन फवारणी करत होता. गाडी थांबवली. डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही. शिरला तरी औषध त्याच्याच तोंडावर पडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी छातीच्या वर वाढली होती, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्यातल्या ज्यांची मुळं विदर्भात आहेत त्यांना तो पावसाळा आठवत असेल. इथे मात्र पोरगा बांधावर सावलीत उभा, हातात रिमोट, आणि सहा पंख्यांचं ते यंत्र उसावरून शिस्तीत ये-जा करत होतं.

‘‘मामा, पूर्वी हे काम विमानं करायची,’’ भाची म्हणाली. ‘‘आणि त्यात माणूस बसलेला असायचा.’’

खरं आहे. विमानातून पिकावर औषध टाकायचा पहिला प्रयोग १९२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात झाला. तिथे अळीनं खाल्लेल्या झाडांच्या राईवरून युद्धातून उरलेलं एक विमान फिरवून विषारी भुकटी सोडली होती. आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं खास या कामासाठी विमान बनवलं. नाव ‘बसंत’. एका माणसाचं, ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाचं हे विमान १९७२ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं आणि अशी ३९ विमानं तयार झाली. त्याआधी त्याच कारखान्यात आपले विष्णू माधव घाटगे होते. कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. स्वतंत्र भारताचं पहिलं शिकाऊ विमान एचटी-२ त्यांच्या देखरेखीखाली झालं. नंतर ‘पुष्पक’ आणि ‘कृषक’ आले. कृषक या नावावरून शेतीचं विमान वाटतं ना? पण ते गेलं सैन्याकडे, टेहळणीला. नाव शेतकऱ्याचं आणि नोकरी फौजेची. आपल्याकडच्या किती घरांत हेच झालंय!

फवारणीचं विमान पिकाच्या शेंड्यांवरून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर उडतं. वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. पोटात शेकडो किलो औषध. शेताच्या टोकाला पोचलं की वर चढायचं, वळायचं, पुन्हा खाली यायचं, आणि हे दिवसातून शेकडो वेळा. मध्ये विजेच्या तारा, बाभळी, विहिरीवरची मोटरची खोपटी. एवढ्यात इंजिन बंद पडलं तर?

हा प्रश्न मी विचारला आणि मागच्या सीटवरची सुपारी कातरायची थांबली.

भाचीनं आधी साध्या विमानाचा हिशेब सांगितला. ती शिकते तसल्या दोन सीटच्या सेस्ना १५२ चं इंजिन हवेत बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येत नाही. नाक थोडं खाली धरून ताशी एकशेदहा किलोमीटरचा वेग ठेवला तर ते तरंगत येतं. एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे. हजार फुटांवर असाल तर हातात दीड मिनिट आणि पावणेतीन किलोमीटर. तीन हजार फुटांवर असाल तर त्याच्या तिप्पट. म्हणजे वैमानिकाच्या दृष्टीनं उंची ही बँकेतली शिल्लक. त्या वेळात शेत निवडायचं, इंधनाचा कॉक, मॅग्नेटो, कार्ब्युरेटरची गरम हवा तपासायची, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ म्हणायचं, आणि टेकायच्या आधी दार थोडं उघडून ठेवायचं.

‘‘दार कशाला?’’ ताईनं विचारलं. एवढ्या वेळात तिचा पहिला शब्द.

‘‘विमान वाकलं तर दार अडकतं गं आई. मग बाहेर कसं पडणार?’’

यावर ताई गप्प झाली. मी रेडिओ लावावा की नाही, या विचारात पडलो.

आता फवारणीच्या विमानाचं पाहा. त्याच्याकडे उंचीची शिल्लक शून्य. असतो तो फक्त वेग. म्हणून त्या वैमानिकाचं पहिलं काम विमान वर खेचणं, म्हणजे वेग खर्चून थोडी उंची विकत घेणं. फार तर दोन ताडांएवढी. त्याच क्षणी दुसरा हात एका दांड्यावर जातो. तो ओढला की टाकीची तळाची झडप सपकन उघडते आणि सगळं औषध काही सेकंदांत खाली. ओझं गेलं की विमान हलकं होतं आणि कमी वेगात टेकू शकतं. मग समोर जे असेल तिथे उतरायचं. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पण मागे वळायचं नाही. वळताना पंख कलतो, आधार कमी होतो आणि तेवढ्या उंचीवर विमान सावरायला जागाच नसते. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे परत वळायचा मोह होतो आणि त्यात अनेक चांगले वैमानिक गेलेत, हे भाचीला पहिल्याच महिन्यात शिकवलंय. हे सगळं दीड मिनिटात नाही, दहा-पंधरा सेकंदांत करायचं. ताईची सुपारीही तेवढ्यात कातरून होत नाही.

म्हणजे इथे डोकं चालवायला वेळच नाही. डोकं आधीच चालवून ठेवलेलं हवं, आणि ज्यानं विमान बनवलं त्यानंही आधीच चालवून ठेवलेलं हवं. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ह्यू डीहेवन नावाचा एक तरुण १९१७ साली विमान शिकत होता. हवेत दोन विमानांची टक्कर झाली. हा वाचला, पण कमरेच्या पट्ट्याच्या बकलानं पोटातले अवयव फाटले. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला प्रश्न पडला की मी वाचलो कसा, आणि जखम नेमकी बकलाचीच कशी? लोक म्हणाले, दैव. त्याला ते पटलं नाही. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यानं अपघातातल्या जखमांचा अभ्यास उभा केला. अपघात टळत नाही हे धरून चाला, पण माणसाभोवतीचा सांगाडा असा करा की माणूस टिकेल, हा त्याचा विचार. आज आपल्या गाडीतले पट्टे आणि मऊ डॅशबोर्ड याच विचारातून आलेत.

तो विचार फ्रेड वाइक या अभियंत्यानं शेतीच्या विमानात आणला. त्यानं केलेलं ‘एजी-१’ १९५० च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये उडालं. त्याआधी फवारणीला युद्धातली जुनी शिकाऊ विमानं वापरत. वाइकनं शेतीचं विमान मुळापासून नव्यानं आखलं. वैमानिकाची जागा उंच, म्हणजे समोरची तार आणि झाड दिसावं. त्याच्याभोवती जाड नळ्यांचा मजबूत पिंजरा, खांद्यावरून येणारे भक्कम पट्टे. पुढे अशा विमानांत औषधाची टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्या मध्ये ठेवायची पद्धत पडली. कारण टाकी मागे असेल तर धडकताना ते ओझं माणसाच्या पाठीवर येतं. तारा कापायला चाकांच्या पायांवर आणि काचेसमोर धारदार पट्ट्या आल्या. ही विमानं दिसायला बेढब, नाक लांब, पाठीला कुबड. पण ते कुबड म्हणजे वैमानिकाचं घर. सगळं विमान चेपलं तरी तेवढं उभं राहावं, अशी ती रचना.

एवढं ऐकल्यावर ताईनं मागच्या सीटचा पट्टा ओढून लावला. तीस वर्षांत मी तिला मागे पट्टा लावताना पाहिलं नव्हतं.

हुमनाबाद ओलांडल्यावर भाचीनं खेळ सुरू केला. तिचे शिक्षक उडताना कधीही, अगदी गप्पांच्या मध्ये, इंजिनाचा जोर कमी करतात आणि विचारतात, ‘‘इंजिन गेलं. कुठे उतरशील?’’ तोच प्रश्न आम्हाला. दर पाच-दहा किलोमीटरला.

मी आधी हिरवंगार, सपाट दिसणारं शेत दाखवलं. बाद. ती रब्बीची ज्वारी होती, पुरुषभर उंच. वरून गालिचा दिसतो, पण चाकं कणसांत अडकली की विमान तोंडावर उलटतं. शिवाय आत राखणीला माणूस असेल तर तो वरून दिसतच नाही. माणूस असण्याची शंका असेल तर ते शेत नाही म्हणजे नाही, हे ती इतक्या कोरड्या स्वरात म्हणाली की मला बरं वाटलं. ऊस? ज्वारीहून वाईट. नुकतं नांगरलेलं काळं रान? ढेकळांत पुढचं चाक रुततं. अगदीच उतरावं लागलं तर सरींच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. तुरीची काढणी झालेलं रान चालेल, पण धसकटं बघायची. हरभरा मात्र उत्तम, वीतभर उंच, खाली घट्ट जमीन. उमरग्याच्या आसपास हरभरा दिसला की आम्ही तिघंही ‘‘हा!’’ म्हणून ओरडत होतो. चहाच्या टपरीवाल्यानं आमच्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

हायवेच का नको, हे मी विचारलंच. सरळ, डांबरी, रुंद. तर म्हणे वर तारा, मध्ये दुभाजक आणि तुमच्यासारखे मामा गाडी चालवत असतात. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरायचं.

सगळ्यात महत्त्वाचा वारा. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं. विमानाचा वेग ताशी १०० आणि समोरून वारा २० असेल तर जमिनीच्या मानानं वेग ८०. तोच वारा पाठीमागून असेल तर १२०. फरक चाळीसचा वाटतो, पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे १२० नं टेकताना तो ८० च्या सव्वादोन पट असतो. दहावीच्या पुस्तकातलं हे सूत्र मला पहिल्यांदाच उपयोगी वाटलं. मग वारा कळणार कसा? देवळावरचा झेंडा, तळ्याच्या पाण्यावरच्या रेघा, पाचट जाळल्याचा धूर. डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम, त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात शिरलो आणि कारखान्यांची धुराडी जागोजागी वाऱ्याची दिशा दाखवायला लागली.

याच सोलापुरात सिद्धेश्वर कारखान्याचं धुराडं विमानतळाच्या वाटेत येतं म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि २०२३ च्या जूनमध्ये ते पाडलं गेलं. पाडू नका म्हणणारे ऊस उत्पादक होते, पाडा म्हणणारे विमानसेवा मागणारे शहरवाले. भाचीचं मत अर्थातच ठरलेलं. ताईचं मत, ‘‘कारखाना आधीचा ना?’’ मी दोघींना शेंगाचटणी घ्यायला उतरवलं.

टेंभुर्णीच्या पुढे उजनीचं पाणी दिसलं. सपाट, मोकळं, माणसं नाहीत, तारा नाहीत. ताईनं विचारलं, ‘‘पाण्यात का नाही?’’ भाचीनं सांगितलं की चाकं बाहेर असलेलं लहान विमान पाण्याला टेकलं की चाकं पाण्यात धरली जातात आणि विमान बहुधा उलथतं. काठाजवळचा मोकळा गाळपेराही चकवतो, वरून घट्ट आणि आतून लोणी.

इंदापूर तालुक्यात आम्ही हायवे सोडून कडबनवाडीला गेलो. लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि तिथल्या माळावर वनखात्याची गवताळ सफारी नुकतीच सुरू झाली होती. निदान ताईला तसं सांगितलं होतं. भाचीला तिथे दुसऱ्याच कारणानं जायचं होतं. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीनं लांबच्या उड्डाणाला निघालेल्या एका बावीस वर्षांच्या शिकाऊ मुलीला याच कडबनवाडीच्या शिवारात, शेतात विमान उतरवावं लागलं. सकाळी साडेअकराच्या सुमाराची वेळ. विमानाचं बरंच नुकसान झालं, मुलीला किरकोळ जखमा झाल्या. गावकरी धावत गेले, तिला बाहेर काढून दवाखान्यात पोचवलं.

‘‘सगळ्या पेपरांत ‘विमान कोसळलं’ असं होतं,’’ भाची म्हणाली. तिचा खरा राग तिथे आहे. कोसळणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. विमान मोडलं म्हणजे कोसळलंच असं नाही. पंख मोडले, चाक तुटलं, पण माणूस चालत बाहेर आला तर वैमानिकांच्या भाषेत ते चांगलं उतरणं असतं. २०२३ च्या ऑक्टोबरातही बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. माणसं वाचली, शब्द तोच, ‘कोसळलं’. मला वाटतं यात पेपरवाल्यांचा फार दोष नाही, मराठीत या गोष्टीला रुळलेला शब्दच नाही. ‘आपत्कालीन लँडिंग’ म्हटलं की मोठं विमान मोठ्या विमानतळावर उतरतंय असं वाटतं. ‘सक्तीचं उतरणं’ म्हणावं तर सरकारी सूचना वाटते. कुणाला चांगला शब्द सुचला तर आपल्या मासिकाकडे जरूर पाठवा.

कडबनवाडीचा माळ मात्र पाहाच. आपण हिरवळ म्हणजे निसर्ग समजतो आणि असल्या पिवळ्या रानाला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. इथे गुडघाभर सोनेरी गवत, मध्ये बोरी-बाभळीची खुरटी झाडं, आणि त्यात चिंकारा हरणं. पंधरा मिनिटांत आम्हाला पाच दिसली. लांडगा आणि खोकडही इथे असतात, आम्हाला फक्त वाळूतले ठसे दिसले. धाविक नावाचा पक्षी चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. माळाला लागून शेतं, शेतांना लागून माळ, मध्ये धनगरांची मेंढरं. विमान नेमकं कुठल्या शेतात उतरलं ते आम्ही कुणाला विचारलं नाही. भाचीला तो बांध बघायचा नव्हता, तिला आजूबाजू बघायची होती. ती मातीच्या चढावर उभी राहून गोल फिरली, एकदा, दोनदा. जुलैत इथे ओल असणार, पेरण्या झालेल्या असणार, हे सोनेरी गवत तेव्हा हिरवं असणार आणि वरून शेत कुठलं नि माळ कुठला हे कळायला जड, असं ती पुटपुटत होती.

ताई तिच्याकडे बघत उभी होती. मग तिनं विचारलं, ‘‘तिची आई कुठे होती गं तेव्हा?’’

भाचीला ते माहीत नव्हतं. मलाही नाही.

थोड्या वेळानं ताईनं चष्मा पुसला, डोळ्यांवर हात धरला आणि पश्चिमेकडे बोट केलं. ‘‘ते बघ. मेंढरं बसलीत त्याच्या अलीकडचं. कापणी झालेलं. खांब नाहीत.’’

‘‘उतार?’’ भाचीनं विचारलं.

‘‘चढ आहे थोडा. टेकल्यावर चढ बराच ना, लवकर थांबेल.’’

‘‘आणि वारा?’’

ताईनं इकडेतिकडे पाहिलं. झेंडा नव्हता, धूर नव्हता, धुराडं तर नव्हतंच. तिनं खाली वाकून मूठभर वाळलेलं गवत उपटलं आणि हवेत सोडलं. काड्या आमच्या अंगावरून मागे गेल्या. मेंढ्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोरानं हात कपाळावर धरून आमच्याकडे पाहिलं, आणि कुत्रं भुंकायला लागलं. भिगवण अजून तीसेक किलोमीटर होतं आणि जेवायची वेळ उलटून गेली होती.